सांधेदुखी : आधीं निदान, मग औषध

शेतकरी बंधूंस सांधेदुखीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ज्वारीच्या काढणींत पंधरा दिवस वांकून काढले, अगर उंसाला रात्रीचें पाणी भरतांना चिखलांतून फिरलें, म्हणजे कोणाचा गुडघा, कोणाची कंबर धरतेच. प्रस्तुत लेखकानें उभा जन्म तहसील कचेरीच्या दप्तरांत घालविला व गेल्या वर्षीं निवृत्त होऊन कर्जत तालुक्यांतील आपल्या भीमाकांठच्या शेतावर राहावयास आला; तोंच उजव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. घरांत वडीलबंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांच्या हातांचें दुखणें त्यापूर्वींच विकोपास गेलें होतें. या दोन्ही दुखण्यांस आम्हीं ‘वात’ हें एकच नांव दिलें होतें, आणि तेथेंच चूक झाली. कचेरींतील अनुभव असा कीं, अर्जांत गट नंबर चुकला तर वकील कितीही हुशार असो, निकाल भलत्याच जमिनीचा लागतो. दुखण्याचेंही तसेंच आहे.

हें दुखणें किती घरांत आहे याची मोजणी आमच्या शेजारींच झालेली आहे. भीमेपलीकडे पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस झाली. त्यांपैकीं शेंकडा सुमारें १८ जणांस सांधे, स्नायू अगर हाडें दुखण्याची तक्रार आढळली. खरा आमवात मात्र दोनशें माणसांत सुमारें एकासच होता. पण सर्वांत घाई त्या एकाचीच असते, आणि गर्दींत हरवतो तोही तोच.

तेव्हां ओळखावें कसें? पन्नाशीनंतर गुडघे चालल्यानें दुखतात, विसाव्यानें उतरतात, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आंत जातो, ही बहुधा सांध्यांची झीज होय. उलट, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सारखेच सुजतात, सकाळीं तासभर तरी मूठ वळत नाहीं, आणि असें कांहीं आठवडे चालतें, तेव्हां आमवाताची शंका घ्यावी. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक. पायाच्या अंगठ्याचें मूळ एकाएकीं लाल होऊन रात्रीं झोंप उडाली तर तें बहुधा वातरक्त. तापापाठोपाठ सांधे धरले तर चिकुनगुन्या आठवावा. त्याची सांथ १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस व २००६ सालीं महाराष्ट्रांत मोठ्या प्रमाणावर आली होती. ताप गेला तरी सांधे कित्येकांस महिनोगणती सोडीत नाहींत. त्याचे डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यांत होतात, सबब रांजण व टाक्या आठवड्यास एकदां कोरड्या कराव्या. आमच्या आयुर्वेदांतही माधवनिदानकारांनीं आमवात निराळा वर्णिला आहे, वातरक्त निराळें. म्हणजे सर्व दुखणीं एकाच गोणींत भरणें जुन्या वैद्यांसही मान्य नव्हतें.

आतां घरची हकीकत. एका बाजारच्या गांवीं एक गृहस्थ वाताच्या पुड्या देतात अशी कीर्ति ऐकून वहिनींस तिकडे नेलें. पुडीवर ना नांव, ना घटक. तीन दिवसांत हात हलके झाले, आणि आम्हीं त्यांस देव मानलें. पुडी थांबली कीं दुखणें दुप्पट होई, म्हणून ती दोन वर्षें चालली. तोंवर वहिनींचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला व रक्तांत साखर वाढली. शेवटीं संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, अशा बेनामी पुड्यांत पुष्कळदां स्टिरॉइड मिसळलेलें असतें. तें सूज दाबतें, पण सांध्यांची नासाडी आंतून चालूच राहूं शकते. शिवाय अशी पुडी बरेच दिवस घेतलेली असल्यास एकदम बंद करणेंही धोक्याचें; डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ती हळूहळू सोडवावी लागते.

वहिनींस मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी सुरू झाली. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते; चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते, म्हणून आम्हीं दिनदर्शिकेवर तिचा वार लाल शाईनें मांडला. मधून मधून रक्त तपासावें लागतें. दोन-तीन महिन्यांत सूज ओसरली. मात्र वांकलेलीं बोटें सरळ झालीं नाहींत. पुढें वांकावयाचीं तेवढीं थांबलीं. ज्या हातांनीं त्यांनीं वीस माणसांच्या भाकरी थापल्या, त्या हातांस आज पिठाचा गोळा नीट धरवत नाहीं. तीं दोन वर्षें आम्हीं दवडलीं, याची रुखरुख जन्मभर राहील.

लेखकाच्या गुडघ्याचा प्रकार निराळा. तेथें घाई नव्हती, निवड होती. पहिला उपाय बिनपैशाचा. अंगावरील एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम रोज केल्यानें मांडीचे स्नायू बळावतात व सांध्याचा भार वांटून घेतात. उकिडवें बसणें सोडलें. निरगुडीच्या पाल्याचा शेक व तेलाची मालिश यांनीं बरें वाटतें, तें अवश्य करावें; मात्र त्यानें झीज भरून येत नाहीं.

दुसरा उपाय वेदनाशामक गोळ्यांचा. आमच्या लहानपणीं मेलेल्या ढोरावर गिधाडांचे थवे उतरत. आज तें पांखरूं दृष्टीस पडत नाहीं. जनावरांस टोंचलेलें डायक्लोफिनॅक मढ्यांतून गिधाडांच्या पोटांत गेलें व मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मेलीं. म्हणून २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं त्याच्या उत्पादनास बंदी केली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. तथापि हींच औषधें रोजच्या रोज घेतल्यास आमच्याही मूत्रपिंडास व जठरास अपाय होतो, विशेषतः रक्तदाब अगर मधुमेह असेल तर. दुकानदारास विचारून तीं घेऊं नयेत.

तिसरा उपाय आयुर्वेदिक औषधांचा. डॉ. चोप्रा यांच्याच पुढाकारानें गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रोग्यांवर झालेली एक कसोटी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ आदींचीं औषधें वेदना कमी करण्यांत प्रचलित गोळ्यांच्या बरोबरीचीं ठरलीं. मात्र कांहीं रोग्यांच्या यकृताच्या तपासणींत फरकही दिसला. म्हणजे झाडपाल्याचें औषध गुणकारी असूं शकतें, तसेंच तपासणीवांचून निर्धोकही नसतें. तें शिक्कामोर्तब बाटलींतून, वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावें.

शेवटचा उपाय सांधा बदलण्याचा. पूर्वीं कृत्रिम सांध्याचीच किंमत दीड लाखावर जाई. ऑगस्ट २०१७ मध्यें सरकारनें नेहमींच्या प्रकारच्या सांध्यास कर सोडून ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. रुग्णालयाचा व शस्त्रक्रियेचा खर्च त्याहून निराळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत आपलें काम बसतें कीं नाहीं, हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास आधीं विचारावें; त्यापूर्वीं दावणीचीं जनावरें विकूं नयेत. शस्त्रक्रियेनंतर चालणें सुधारतें, पण मांडी घालून अगर उकिडवें बसण्याची आशा धरूं नये. लेखकानें ती तूर्त पुढें ढकलली आहे. ज्या दिवशीं विसाव्यांतही गुडघा दुखेल व विहिरीपर्यंत जाणें होणार नाहीं, त्या दिवशीं पुन्हां विचार करूं.

पिकावर रोग दिसला तर आपण आधीं पान उलटून पाहतों, मग फवारणी करतों. घरांतील माणसाच्या सांध्यास तेवढा तरी मान द्यावा. आणि कोणा माउलीची मूठ सकाळीं वळत नसेल, तर सुगी उरकेपर्यंतही थांबूं नये, एवढीच विनंति.