मूत्रमार्गाचा संसर्ग : औषधाची निवड पाऊण तासात

लघवीची जळजळ ही आपल्या शिक्षिका व विद्यार्थिनींची नेहमीची, पण न बोलली जाणारी तक्रार आहे. डॉक्टर लघवी 'कल्चर'साठी पाठवतात आणि अहवाल येण्यापूर्वीच अँटिबायोटिक सुरू करतात. त्यांचा इलाज नसतो. प्रयोगशाळेत जंतू आधी बशीत वाढवावे लागतात. मग औषधाच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती त्यांची वाढ थांबते, ते पाहावे लागते. यात दोन-तीन दिवस जातात. तोवरचे औषध म्हणजे अंदाज. या संसर्गाचे मुख्य कारण असलेला ई. कोलाय जंतू भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनला बहुधा दाद देत नाही, त्यामुळे अंदाज चुकण्याचा धोका मोठा.

हा अवधी कमी करण्यासाठी ब्रिटनमध्ये 2014 साली 'लाँजिट्यूड' पारितोषिक जाहीर झाले. जून 2024 मध्ये 80 लाख पौंडांचे हे पारितोषिक स्वीडनमधील उप्साला येथील सिस्मेक्स ॲस्ट्रेगो कंपनीच्या 'पीए-100' यंत्राला मिळाले. त्याची युक्ती साधी आहे. अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी लघवी एका छोट्या चिपमध्ये घालतात. जंतू तिच्यातील अतिसूक्ष्म खोबणींत अडकतात. काही खोबणींत औषध असते, काहींत नसते. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा दोन्हीकडची वाढ मोजतो. बशीत जंतूंची वसाहत डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावे लागते. येथे एकेका जंतूची वाढ मंदावल्याचे लगेच कळते. पंधरा मिनिटांत संसर्ग आहे की नाही हे समजते, आणि सुमारे पाऊण तासात पाच औषधांपैकी कोणते चालेल तेही.

पाचच औषधे, ही मर्यादा खरी. पण त्यांत नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन आहेत, आणि साध्या संसर्गात ही जुनी औषधे आजही उपयोगी पडतात. ताप, कंबरेत वरच्या बाजूस दुखणे किंवा गर्भारपण असेल तर मात्र नेहमीचे कल्चर टाळता येत नाही.

भाषेच्या शिक्षकाने एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. माझ्या एका सहकारी बाईंनी अहवालात औषधापुढे 'सेन्सिटिव्ह' हा शब्द वाचला, त्या औषधाची आपल्याला ॲलर्जी आहे असे समजल्या आणि गोळ्या बंद केल्या. आठवड्याने ताप भरला. मराठीतील 'संवेदनशील' आणि उर्दूतील 'हस्सास' हे शब्दही असाच घोटाळा करतात. अहवालात संवेदनशील असतो तो जंतू, रुग्ण नव्हे. 'एस' म्हणजे त्या औषधाने जंतू मरतो किंवा त्याची वाढ थांबते. 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही.