पवनेकाठी तंबूत राहायला येताय? पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या

पवनानगर (ता. मावळ) : भातकापणी उरकली, थंडी पडायला लागली की पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा दिसू लागतात. पुण्याहून ५०-६० किलोमीटर, मुंबईहून अडीच-तीन तासांचा रस्ता. समोर पाणी, सभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. त्यामुळे शनिवार-रविवारी शहरातली कुटुंबं पोराबाळांसह इकडे येतात. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन घेऊन येणारेही आता दिसतात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

पण कॅम्प ठरतो तो बहुतेक वेळा मोबाईलवरचा फोटो बघून. फोटोत शेकोटी दिसते, रंगीत दिवे दिसतात. काठाचा उतार, संडासाची वाट आणि गाडी बाहेर काढायचा रस्ता फोटोत येत नाही. कुटुंबाची रात्र सुखाची जाते की धोक्याची, हे याच तीन गोष्टींवर ठरतं.

पाणी किती पावलांवर आहे?

पाण्याला अगदी लागून असलेला तंबू महाग मिळतो. लहान मुलं असतील तर तोच सगळ्यात गैरसोयीचा. धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. या पाण्याखाली जुनी भातखाचरं, बांध आणि ओढे आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला गळ्याइतक्या पाण्यात जाऊ शकतो. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. वरून तो भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण आत ओलाच असतो. त्यात पाय रुतला की पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. म्हणून इथे पोहायला उतरायचं नाही, हे घरातून निघतानाच पोरांना सांगून ठेवा.

कॅम्पवाल्याला विचारा : तंबू आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण आहे का? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? रात्री काठावर राखणीला माणूस असतो का? नावेत बसवणार असतील तर जॅकेट घातल्याशिवाय नाव सुटता कामा नये.

जागा कोणाच्या हद्दीत?

धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथवरची जमीन संपादित झालेली असते. ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. पाणी ओसरल्यावर अशा जमिनीवर काही शेतकरी परवानगीने पीक घेतात, त्याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. तिथे विनापरवाना तंबू ठोकले तर कारवाईत ते कधीही हलवावे लागू शकतात. पैसे भरून आलेल्या कुटुंबाने मग रात्री कुठं जायचं? त्यामुळे ‘तंबू मालकीच्या गटात आहेत की धरणाच्या हद्दीत?’ हा प्रश्न फोनवरच सरळ विचारावा. ज्याची जमीन स्वतःची आहे, तो उत्तर द्यायला कचरत नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा

जून ते सप्टेंबर या काळात ओढा, धबधबा किंवा नदीपात्राजवळचा कॅम्प नकोच. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की ओढ्याला एकदम लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी आपल्याच तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चौघांचा जीव गेला. पावसाळ्यात पर्यटनस्थळांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचे मनाई आदेश निघतात. निघण्याआधी ते बघून घ्या.

संडास आणि सांडपाणी

बायका-मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की पहिली अडचण इथेच येते. किती तंबूंमागे किती संडास आहेत, बायकांचे वेगळे आहेत का, रात्री वाटेवर दिवा असतो का, हे आधी विचारा. मैल्याची टाकी बांधलेली आहे का, तेही विचारा, कारण पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला जातं. काठावर खड्डा खणून केलेला संडास म्हणजे त्यांच्या पिण्याच्या पाण्यात घाण. जो मालक घाण आणि कचरा कुठे जातो ते दाखवतो, त्याचं बाकीचं कामही सहसा नीट असतं.

कॅराव्हॅन आणणाऱ्यांसाठी

गाडीची उंची आणि लांबी आधी कळवा. मुख्य रस्त्याने गाडी येते, अडचण शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला होते. शिवाररस्ता अरुंद, समोरून गाडी आली की बाजूला घ्यायला जागा नसते. वर घरगुती विजेच्या तारा लोंबत असतात. लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून येणाऱ्यांनी चढ-वळणांचा अंदाज घ्यावा. मोठ्या गाडीला कामशेतहून पवनानगरचा रस्ता बरा.

उभी करायची जागा मुरूम टाकून दाबलेली हवी. भातखाचरात गाडी घातली आणि रात्री पाऊस झाला, तर सकाळी ट्रॅक्टर लावूनच ती काढावी लागते. गाडी वळवायला जागा आहे का, अर्थिंगसह विजेची जोडणी मिळेल का, पिण्याचं पाणी भरता येईल का, हे विचारा. गाडीतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे ठरल्याशिवाय येऊच नका. ओढ्यात किंवा शेतात ती सोडायची नाही.

तंबूतली रात्र

डिसेंबर-जानेवारीत काठावर गारठा असतो. म्हणून कोणी पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत घेतं. हे जिवावर बेतू शकतं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जादा पांघरुणं मागून घ्या, कॅराव्हॅनमध्येही गॅस पेटवून झोपू नका.

दुसरी भीती सापाची. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं दुखतही नाही, त्यामुळे उशिरा कळतं. तंबूची चेन पूर्ण लावा, अंथरूण झटकून घ्या, बाहेर पडताना बॅटरी घ्या. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, चिरा देऊ नका, थेट दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, हे कॅम्पवाल्याला पाठ पाहिजे.

बोलणं कोणाशी झालं?

बुकिंग घेणारा शहरात आणि जागा सांभाळणारा तिसराच, असं अनेक ठिकाणी असतं. तक्रार करायची वेळ आली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून रात्री कॅम्पवर जो हजर असेल, त्याच्याशी एकदा बोला. जेवण देत असतील तर अन्न परवाना आहे का, विचारा. शेजारी दारूपार्ट्या चालतात की कुटुंबांसाठी वेगळी जागा आहे, तेही विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. ‘आमच्याकडे डीजे रात्रभर चालतो’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर तिथे पोरं घेऊन जाऊ नका.

हे प्रश्न विचारले म्हणून चांगला मालक रागावत नाही. नीट सोयी करणाऱ्या गावकऱ्याला त्याचा फायदाच आहे, कारण एका काठावर अपघात झाला की बंदी सगळ्यांवर येते आणि प्रामाणिक माणसाचाही हंगाम बुडतो.

जागा ठरली तरी दिवस मावळायच्या आत पोहोचा. उजेडात काठ, संडास आणि बाहेर पडायची वाट सगळ्यांनी पायी फिरून बघा. मोबाईलला रेंज आहे का ते तपासा. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर पोरांनाही सांगून ठेवा. जागा बघून मनाला पटली नाही, तर आगाऊ भरलेल्या पैशांवर पाणी सोडा आणि गाडी परत फिरवा.