अगोस्तिनीच्या पंधरा विजेतेपदांचा हिशेब

ग्रां प्री मोटरसायकल शर्यतींत जाकोमो अगोस्तिनीच्या नावावर १५ विश्वविजेतेपदे आणि १२२ विजय आहेत. त्याच्यासारखाच इटलीचा व्हॅलेंतिनो रोसी ११५ विजयांवर थांबला. तरीही या आकड्यांविषयी एक कुरकुर कायम ऐकू येते : गाडी सर्वोत्तम होती, समोर कोणी नव्हते, मग जिंकला त्यात नवल काय? ही कुरकुर अर्धीच खरी आहे.

अगोस्तिनीचा जन्म १६ जून १९४२चा, ब्रेशा शहरातला. वाढला तो इझेओ सरोवराकाठच्या लोव्हेरे गावात. नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या वडिलांना मुलाचा हा नाद पसंत नव्हता. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी एका नोटरीचा सल्ला घेतला. नोटरीला वाटले, पोराला सायकलच्या शर्यतीत उतरायचे आहे. त्याने खुशाल होकार दिला, असे सांगतात. १९६१ साली ट्रेंटो-बोंडोने या घाटचढणीच्या शर्यतीत १७५ सीसीच्या मोरिनीवर तो दुसरा आला आणि १९६४मध्ये मोरिनीवरच २५० सीसी गटाचा इटालियन विजेता झाला.

पुढच्याच वर्षी काउंट दोमेनिको अगुस्ताने त्याला एमव्ही अगुस्ताच्या संघात घेतले. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या या घराण्याला मोटरसायकल शर्यतींचे वेड होते. संघातला मुख्य चालक होता इंग्लंडचा माइक हेलवुड. १९६६मध्ये हेलवुड होंडाकडे गेला आणि त्याच वर्षी अगोस्तिनीने ५०० सीसीचे पहिले विश्वविजेतेपद मिळवले.

त्याची खरी परीक्षा पाहायची तर १९६७चा हंगाम पाहावा. होंडाच्या चार सिलिंडरच्या गाडीत ताकद अफाट, पण वळणावर ती आवरणे कठीण. एमव्हीची तीन सिलिंडरची गाडी हलकी आणि आज्ञाधारक. आइल ऑफ मॅन बेटावरच्या सिनियर टीटी या ५०० सीसीच्या शर्यतीत दोघे जवळजवळ बरोबरीने धावत होते. सुमारे ६० किलोमीटरची एक फेरी, अशा सहा. पाचव्या फेरीत अगोस्तिनीच्या गाडीची साखळी तुटली आणि हेलवुड जिंकला. त्या दिवशी हेलवुडने नोंदवलेला फेरीचा विक्रम १९७५पर्यंत टिकला. हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण ४६, दोघांचे विजय पाच-पाच. अगोस्तिनीचे दुसरे क्रमांक तीन होते, हेलवुडचे दोन. तेवढ्यावर विजेतेपद ठरले.

त्यानंतर होंडाने माघार घेतली आणि मैदान मोकळे झाले. १९६८मध्ये अगोस्तिनीने ५०० सीसीच्या दहाच्या दहा आणि ३५० सीसीच्या सातच्या सात शर्यती जिंकल्या. कुरकुरीला आधार आहे तो या काळात. मात्र त्या काळच्या रस्त्यांवर कडेला भिंती, झाडे आणि दिव्यांचे खांब असत. त्यामुळे एकट्याने पुढे धावणेही सोपे नव्हते. जून १९७२मध्ये आइल ऑफ मॅनवर त्याचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती १२५ सीसीच्या शर्यतीत मरण पावला. अगोस्तिनीने त्या वर्षीची सिनियर टीटी जिंकली, पण ती त्याची तिथली शेवटची शर्यत ठरली. बेटावरचे दहा विजय गाठीशी असूनही तो पुन्हा तिथे उतरला नाही. इतरांनीही पाठ फिरवली आणि १९७६नंतर टीटीचा विश्वअजिंक्यपद शर्यतींतला दर्जा गेला.

१९७३मध्ये संघातल्याच फिल रीडने ५०० सीसीचे विजेतेपद हिसकावले. तेव्हा अगोस्तिनीने धाडसी निर्णय घेतला : जपानच्या यामाहाकडे जायचे आणि फोर-स्ट्रोक सोडून टू-स्ट्रोक इंजिन हाती घ्यायचे. हे इंजिन खालच्या वेगात सुस्त असते आणि एका टप्प्यानंतर एकदम उसळते. राजदूत ३५० चालवलेल्यांना हा झटका वेगळा सांगायला नको. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा अटकाव फारसा मिळत नाही, म्हणून वळणापूर्वी भिस्त ब्रेकवर. तिशी ओलांडल्यावर ही सगळी सवय नव्याने लावून घ्यायची होती. अमेरिकेतल्या डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत १९७४मध्ये तो प्रथमच उतरला आणि जिंकला. त्याच वर्षी ३५० सीसीचे सातवे विजेतेपद आले. १९७५मध्ये एमव्हीवरच्या रीडलाच मागे टाकून त्याने ५०० सीसीचे आठवे मिळवले. या गटातले टू-स्ट्रोक गाडीचे ते पहिले विश्वविजेतेपद. समोर कोणी नव्हते, हे या दोन वर्षांबद्दल म्हणता येत नाही.

शेवटचा विजय त्याला ऑगस्ट १९७६मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला मिळाला, तोही पुन्हा एमव्हीवर. त्या कारखान्याचाही ५०० सीसीतला तो शेवटचा. १९७७च्या हंगामानंतर त्याने ग्रां प्री शर्यती सोडल्या. पुढे तो यामाहाच्या संघाचा व्यवस्थापक झाला आणि त्याच्या हाताखाली अमेरिकेच्या एडी लॉसनने १९८४, १९८६ व १९८८ साली ५०० सीसीचे विश्वविजेतेपद पटकावले.