वर्ध्याच्या एफएमला खंजिरी पेलेल का?

खासगी एफएमच्या लिलावासाठी केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ज्या २३४ नव्या शहरांची यादी मंजूर केली, तिच्यात वर्धाही आहे. बोली कोण लावणार, वाहिनी कोणाच्या हाती जाणार, याची चर्चा होत राहील. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये बसणाऱ्या एका चपट्या पेटीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. वर्धेकरांच्या कानावर काय पडणार, हे बरंचसं तीच ठरवणार आहे. ती पेटी म्हणजे ऑडिओ प्रोसेसर.

निवेदिकेचा हळू आवाज उचलायचा, ढोलाचा दणका आवरायचा आणि सगळं ठरलेल्या मर्यादेत बसवायचं, हे तिचं काम. एफएममध्ये ही मर्यादा कडक आहे. वाहक लहरीचं विचलन दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे गेलं की शेजारच्या वाहिनीला त्रास सुरू होतो. त्यामुळे मोठं ऐकू यायचं तर आवाजातले चढउतार दाबण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. डायल फिरवताना आपलीच वाहिनी दणदणीत लागावी, या हव्यासापायी जगभरच्या रेडिओचा आवाज सपाट होत गेला. मोठा आवाज लांबवर पोचतो, हा मात्र गैरसमजच. एफएमच्या वाहक लहरीची ताकद आवाजाप्रमाणे कमीजास्त होत नाही. आर्वी-आष्टीपर्यंत पोचायचं तर अँटेनाची उंची आणि ट्रान्समीटरची ताकद लागते.

या क्षेत्रातलं मोठं नाव रॉबर्ट ऑर्बन. पूर्वी लिमिटर, गाळण्या आणि स्टिरिओ एन्कोडर वेगवेगळे असत. लिमिटरने कापूनकोरून दिलेला आवाज पुढच्या गाळणीतून जाताना पुन्हा उसळायचा, म्हणून वाहिन्यांना पातळी खालीच ठेवावी लागे. ऑर्बन यांनी १९७५ मध्ये ‘ऑप्टिमॉड-एफएम ८०००’ आणला आणि या सगळ्यांना एकाच पेटीत एकमेकांशी जुळवून बसवलं. उसळी आटोक्यात आली, आवाज मोठाही झाला आणि स्वच्छही राहिला. पुढे फ्रँक फोटी यांचा ‘ऑम्निया’ त्यांच्या स्पर्धेत उतरला. या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून एक लेख लिहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी संगीत कंपन्यांना बजावलं की सीडीवर आवाज आधीच ठासून भरला तर रेडिओवर तो जास्त मोठा होत नाही, नुसता फाटतो. ज्यांच्या पेट्यांवर मोठ्या आवाजाची लढाई लढली गेली, त्यांनीच हे सांगावं, यातच सगळं आलं.

आपल्याकडचा प्रश्न गाण्यांपेक्षा बोलण्याचा अधिक आहे. खरखर झाकण्यासाठी एफएममध्ये वरच्या पट्टीतले स्वर पाठवताना मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ संच ते परत खाली आणतो. भारतातल्या ५० मायक्रोसेकंदांच्या प्रमाणानुसार ही वाढ ३ किलोहर्ट्झच्या आसपास जाणवू लागते आणि १० किलोहर्ट्झला दहा डेसिबलच्या घरात जाते. म्हणजे प्रोसेसरचा मार आधी बसतो तो ‘स’ला, आणि ‘चमचा’ किंवा ‘जहाज’ म्हणताना दातांशी घासून निघणाऱ्या आपल्या मराठी ‘च’ आणि ‘ज’ला. लिमिटर ढिला ठेवला तर हे वर्ण कानात टोचतात, आवळला तर बोथट होतात. परदेशी पॉप संगीतासाठी बेतलेलं तयार सेटिंग जसंच्या तसं लावलं, तर हिंगणघाटच्या कापसाचे भाव सांगणारा माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतोय असं वाटेल.

म्हणून प्रोसेसर निवडताना तुलना करायची तर आपल्या मातीतल्या आवाजांवर करावी. माझी पसंती तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनाला. थाप तीक्ष्ण आणि क्षणिक, तिच्यासोबत झांजांची वरच्या पट्टीतली किणकिण आणि मधोमध भजन गाणारा गळा. सगळा आवाज एकत्रच दाबणारा साधा एकपट्टी कॉम्प्रेसर असेल तर प्रत्येक थापेसरशी गळा खाली दबतो आणि पुन्हा वर येतो; ऐकणाऱ्याला धाप लागल्यासारखं होतं. आवाजाच्या पाच पट्ट्या वेगवेगळ्या हाताळणारा प्रोसेसर नीट लावला, तर थाप आपल्या जागी राहते आणि गळा ढळत नाही. पण त्यातही वरची पट्टी जास्त आवळली, की झांजांची वाळू होते.

दुसरी अट अशी की सगळ्या पेट्या आवाजाच्या समान पातळीवर आणूनच ऐकाव्यात. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

महागडी पेटी हवीच, असं मात्र मला वाटत नाही. नेदरलँड्सच्या हान्स व्हान झुटफेन यांचं ‘स्टिरिओ टूल’ हे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालतं आणि आधीच फाटलेली गाणी काही अंशी सांधूनही देतं. छोट्या शहराच्या वाहिनीने आधी ते वापरून पाहावं. वाचलेला पैसा चांगल्या मायक्रोफोनवर, स्टुडिओतला घुमारा मारण्यावर आणि सेटिंग करणाऱ्या जाणकारावर घालावा. त्या जाणकाराने स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर खूश होऊन परतू नये. इअरफोन लावलेला मोबाइल घेऊन समुद्रपूरला जावं, कारंज्याला जावं, चालत्या ट्रॅक्टरवर बसून बातमीपत्र ऐकावं आणि मगच आकडे कायम करावेत. लिलावाच्या अटींत हे कोणी लिहिणार नाही. वाहिनी घेणाऱ्याने ते आपणहून करावं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे ही मागणी वर्धेकरांनी धरावी.