विहिरीतला दम आणि मालवणचा समुद्र

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की डोळ्यांसमोर कॅरिबियन बेटं येतात. निळं पाणी, रंगीत मासे आणि आपल्या खिशाला न परवडणारं तिकीट! पण ही मजा आपल्या मालवणलाही आहे. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्याच किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आणि मासे बघता येतात.

मी शिंदखेड्याचा. आमच्यासाठी समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला. पोहायला शिकलो ते शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. काका वरून ओरडायचे, "दम धर, तळाची माती आणून दाखव!" कान ठणकायचे, पण माती आणायचोच. त्यामुळे मालवणला बोटीत बसताना वाटलं, हे आपल्याला काय शिकवणार?

इन्स्ट्रक्टरने पहिलाच नियम सांगितला, "पाण्यात श्वास कधीच रोखायचा नाही." मी चाट! आयुष्यभर शिकलो त्याच्या बरोबर उलटं.

कारण आहे अकरावीत घोकलेला बॉईलचा नियम. पृष्ठभागावर दाब १ अॅटमॉस्फिअर असतो आणि पाण्यात दर १० मीटरला साधारण १ ने वाढतो. म्हणजे ८ मीटरवर १.८. विहिरीत आपण हवा वरून भरून नेतो. ती खाली दबते आणि वर आलो की मूळच्या आकाराची होते. काही बिघडत नाही. स्कूबात मात्र रेग्युलेटर त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. तिथे ३ लिटर हवा घेऊन दम धरून वर आलात, तर ती ५.४ लिटर व्हायला बघते. छातीत तेवढी जागा कुठे आहे? फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावंच लागतं असंही नाही. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याची सवयच इथे जिवावर बेतू शकते!

कान दुखण्याचं कारणही दाबच. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की मोकळं होतं. सर्दी असेल तर मात्र उतरूच नये. आणि हो, सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते.

खाली मासे बघून मी इतका खूश झालो, की इन्स्ट्रक्टरला अंगठा दाखवला, "मस्त!" त्यांनी मला सरळ वर न्यायला सुरुवात केली. डायव्हिंगच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करतात. गडबडीत मी जुन्या सवयीने दम धरला. त्यांनी लगेच थांबवलं, स्वतःच्या तोंडातून निघणारे बुडबुडे बोटाने दाखवले. मी श्वास सोडला, मग आम्ही हळूहळू वर आलो. बोटीवर सगळे हसले, मी मात्र गप्प होतो.

तेव्हा दोस्तांनो, मालवणला जरूर जा. पावसाळा सोडून जा, प्रवाळाला हात लावू नका, तो जिवंत असतो. पोहता येतं म्हणून सूचनांकडे दुर्लक्ष करू नका. काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विहिरीत दम धर, समुद्रात सोड, एवढंच ना?" अख्ख्या लेखाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं!