परदेशी मुलांकडे राहायला जाताना : वैद्यकीय विमा कसा निवडावा?

निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्या-मुंबईला राहायला जाणारी जोडपी आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. आता मुले त्याहून लांब गेली आहेत. न्यू जर्सी, डॅलस, टोरांटो, मेलबर्न ही नावे आमच्या दवाखान्यात सहज कानावर पडतात. आधी सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने, मग नातवंडे सांभाळायला पुन्हा सहा महिने आणि शेवटी ‘आता तिकडेच राहा’ असा मुलांचा आग्रह. जाण्यापूर्वी ही मंडळी फिटनेसचा दाखला आणि गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला येतात आणि उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, विमा कोणत्या कंपनीचा घेऊ?’

कंपनीचे नाव सांगणे हे माझे काम नाही, आणि नावावर फारसे अवलंबूनही नाही. आपण तिकडे पाहुणे म्हणून जाता की कायमचे रहिवासी म्हणून, आणि आपल्याला आधीपासून कोणते आजार आहेत, या दोन गोष्टींवर सारे ठरते. हप्ता किती आणि विम्याची रक्कम किती, हे प्रश्न त्यानंतरचे. साठीनंतर इस्पितळात दाखल व्हायची वेळ येते ती पुष्कळदा जुन्याच दुखण्याच्या पोटी. मधुमेह्याच्या पायाची जखम, रक्तदाबवाल्याचा पक्षाघात, अँजिओप्लास्टी झालेल्याच्या छातीत पुन्हा उठलेली कळ. आणि नेमका हाच भाग बहुतेक पॉलिसींनी वगळलेला किंवा फार आखडलेला असतो.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथला खर्च सर्वांत भारी आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तिथली कोणतीही सरकारी योजना लागू होत नाही. १९८६ च्या एका कायद्यामुळे तिथल्या इमर्जन्सी विभागाला रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करावी लागते आणि जिवाचा धोका टळेपर्यंत उपचार द्यावे लागतात. हे ऐकून काही जण निर्धास्त होतात. पण उपचार नाकारता येत नाहीत याचा अर्थ बिल येत नाही असा नव्हे. ते घरी येतेच, आणि मुलाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढे असू शकते.

अशा पाहुण्यांसाठीच्या पॉलिसी दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कम असते : खाटेचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके, डॉक्टरांच्या एका भेटीचे इतके. ही स्वस्त असते आणि म्हणूनच खपते. वरची रक्कम पन्नास हजार डॉलर लिहिलेली असली, तरी त्या दिवसाचे प्रत्यक्ष बिल ठरीव रकमेच्या कितीतरी पट असू शकते. उरलेले आपल्या अंगावर. दुसरीत बिलाचा ठरावीक हिस्सा कंपनी देते. समजा, एका पॉलिसीत पहिले ५०० डॉलर आपण भरायचे, त्यापुढच्या ५,००० पैकी वीस टक्के आपण आणि नंतरचे सारे कंपनीने, अशी अट आहे. इस्पितळाचे बिल ३०,००० डॉलर आले, तर आपले ५०० अधिक १,००० म्हणजे १,५०० डॉलर जातील. सुरुवातीला आपण भरायच्या रकमेला तिकडे ‘डिडक्टिबल’ म्हणतात. ती जास्त ठेवली की हप्ता कमी होतो. माझे मत विचाराल, तर अमेरिकेसाठी दुसऱ्याच तऱ्हेची घ्यावी, डिडक्टिबल थोडी जास्त ठेवावी लागली तरी चालेल. सर्दी-तापाचे शे-दोनशे डॉलर मुलगा भरू शकतो. हृदयविकाराचे बिल भरू शकत नाही.

आता जुन्या आजाराचे. या पॉलिसींवर ‘आधीपासूनच्या आजाराच्या अकस्मात उद्‌भवासाठी संरक्षण’ अशा अर्थाचे एक वाक्य ठळकपणे छापलेले असते. ते वाचून लोकांना वाटते, आपला बीपी-शुगर त्यात आला. त्या वाक्याची व्याख्या मात्र आतल्या पानावर असते, आणि ती बहुधा अशी असते : त्रास अचानक, कोणतीही पूर्वसूचना नसताना सुरू झाला पाहिजे, आणि सुरू झाल्यापासून बहुतेक पॉलिसींत चोवीस तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत. हळूहळू वाढत गेलेला त्रास यात बसत नाही. म्हणजे रक्तदाब असलेल्या गृहस्थांचा हात सकाळी एकाएकी लुळा पडला आणि तासाभरात त्यांना इस्पितळात नेले, तर क्लेम मिळण्याची शक्यता आहे. पण मधुमेह असलेल्या आजींच्या अंगठ्याला फोड आला, त्यांनी पाच दिवस हळद लावली, सहाव्या दिवशी पाय सुजून ताप भरला, तर कंपनी म्हणेल, हे अकस्मात नव्हे. नेहमीच्या गोळ्या, नियमित रक्ततपासणी, डायलिसिस, ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया यांतले काहीही यात येत नाही. शिवाय सत्तरीनंतर आणि पुन्हा ऐंशीनंतर मिळू शकणाऱ्या रकमेवर मर्यादा येतात, त्या वयाच्या रकान्यात नीट पाहाव्यात. बर्फावरून घसरून खुब्याचे हाड मोडले, तर तो नवा अपघात. त्याला सहसा अडचण येत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या परदेश प्रवासाच्या पॉलिसी तुलनेने स्वस्त असतात आणि युरोपच्या सहलीला त्या ठीक आहेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असते, ते त्यांत मिळते. पण सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्याने निदान एवढे विचारावे, की जुन्या आजारासाठी किती रक्कम, मुदत वाढवून मिळते का, आणि तिथले इस्पितळ बिल थेट कंपनीकडे पाठवते की आधी आपण भरून नंतर मागायचे.

कॅनडाची तऱ्हा वेगळी. तिथे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी २०११ पासून ‘सुपर व्हिसा’ आहे, आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरची, किमान वर्षभराची पॉलिसी दाखवावी लागते. या पॉलिसींत जुना आजार घेणारे प्रकार मिळतात, पण त्यांना ‘स्थिर’ असण्याची अट असते. विमा सुरू होण्याआधी ठरावीक काळ, बहुधा ९० किंवा १८० दिवस, त्या आजारात काही बदल झालेला नसावा. आणि बदल म्हणजे केवळ त्रास वाढणे नव्हे. नवीन गोळी सुरू झाली, डोस वाढला, कित्येक पॉलिसींत डोस कमी झाला तरी तो बदलच. पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिलेली असणे, हेसुद्धा काही ठिकाणी आड येते.

इथे आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो. पुष्कळ जण तिकीट काढल्यावर, निघायच्या आठ दिवस आधी ‘एकदा सगळे तपासून टाका’ म्हणून येतात. साखर वाढलेली निघते, एक गोळी वाढवावी लागते, आणि त्या गोळीने नकळत विम्याची अट मोडते. तेव्हा तपासणी निघण्याच्या सात-आठ महिने आधी करून घ्यावी. गोळ्या बसवायला वेळ मिळतो आणि पुढचे सहा महिने स्थिर गेल्याची नोंदही राहते. मोतीबिंदू, हर्निया, दात ही कामेही त्याच काळात उरकावीत. दातांचा खर्च पाहुण्यांच्या पॉलिसीत अपघाताखेरीज सहसा मिळत नाही. मात्र विम्यासाठी म्हणून गरजेची गोळी लांबणीवर टाकू नका. प्रवास पुढे ढकलता येतो.

आणखी एक विनंती मला वारंवार होते : ‘दाखल्यात शुगरचे लिहू नका.’ मी लिहितो. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवा, व्यवहार पाहा. परदेशात इमर्जन्सीत गेल्यावर पहिला प्रश्न असतो, कोणते आजार आहेत आणि किती वर्षांपासून? जीव घाबरलेला माणूस खरे सांगतो, आणि सांगायलाच हवे, कारण उपचार त्यावर ठरतात. ‘बारा वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद केसपेपरवर होते आणि मोठा क्लेम आला की कंपनी तोच कागद आधी मागवते. अर्जात ‘नाही’ आणि केसपेपरवर ‘आहे’ असे जमले की क्लेम नाकारण्यास कंपनीला दुसरे कारण लागत नाही. दडवलेल्या मधुमेहापायी मग ज्याचा मधुमेहाशी संबंध नाही असा खर्चही अडकू शकतो.

ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत कायमचे राहायला जाणाऱ्यांचा मामला निराळा. पाहुण्यांची पॉलिसी त्यांच्या कामाची नाही. पासष्टीपुढच्यांसाठी तिथे ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना आहे, परंतु तिथे कधी नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्याखेरीज ती मिळत नाही, आणि मिळते तीही विकत. २०२५ साली इस्पितळाच्या भागाचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता. हे दर दरवर्षी बदलतात. पाच वर्षे भरतात त्या महिन्याच्या मागेपुढे मिळून सात महिन्यांची नोंदणीची मुदत असते. ती चुकली, तर डॉक्टरांच्या भागाचा हप्ता उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो वाढीव दर सहसा कायमचा चिकटतो.

मधल्या पाच वर्षांसाठी तिथल्या सरकारी विमा बाजारातून, म्हणजे ‘मार्केटप्लेस’मधून, खाजगी कंपनीची पॉलिसी घेता येते. २०१० च्या कायद्याने, जो २०१४ पासून पूर्णपणे अमलात आला, अशी पॉलिसी देताना जुन्या आजारावरून नकार देता येत नाही की जादा हप्ता लावता येत नाही. मधुमेह-रक्तदाबवाल्या माणसाला याहून मोलाची अट कोणती? पण तिकडे राहायला गेल्यापासून साठ दिवसांत अर्ज करावा लागतो. नाहीतर वर्षअखेरीच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते. सरकारी सवलत नसेल, तर साठीपुढच्या माणसाचा हप्ता अनेक राज्यांत महिना हजार डॉलरच्या वर जातो. दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाच्या नव्या ग्रीन कार्डधारकांना पूर्वी या हप्त्यात सवलत मिळे, ती २०२५ च्या कायद्यामुळे १ जानेवारी २०२६ पासून बंद झाली आहे. तेव्हा आई-वडिलांना कायमचे नेण्याचा हिशेब करताना दोन माणसांचा हा पाच वर्षांचा खर्च मुलांनी आधी मांडावा. विमानाचे तिकीट त्यापुढे काहीच नाही.

इतर देशांचे थोडक्यात. इंग्लंडमध्ये पाहुण्याला इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट मिळते, पण खाटेवर दाखल केले की सरकारी दराच्या दीडपट बिल लागते. कॅनडात कायमच्या रहिवाशाला प्रांताचा विमा मिळतो, काही प्रांतांत तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या योजनेचे नावही ‘मेडिकेअर’च, म्हणून घोटाळा होतो. तिथे कायमचा व्हिसा मिळालेल्या पालकांना ती नोंदणी केल्यावर मिळते, मात्र २०१९ पासून सुरू झालेल्या तात्पुरत्या पालक व्हिसावर मिळत नाही; त्यांनी खाजगी विमा घ्यायलाच हवा.

आता इथल्या पॉलिसीविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. आपला मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्याच उपचारांना पैसे देतो. ‘आता तिकडेच राहायचे, मग इथला हप्ता कशाला?’ म्हणून लोक चौदा-पंधरा वर्षे चाललेली पॉलिसी सोडून देतात. मग थंडी सोसवत नाही, करमत नाही, दोघांपैकी एक जण मागे राहतो, आणि माणूस गावी परततो. नवी पॉलिसी मिळू शकते. १ एप्रिल २०२४ पासून आपल्या विमा नियामकाने पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढली आहे. पण नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी छत्तीस महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. उलट सलग साठ महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीत आजार दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. हे साठलेले हक्क एका न भरलेल्या हप्त्याने जातात. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. परदेशी असताना ती केव्हा उलटते ते कळत नाही. बँकेतून हप्ता आपोआप जाण्याची सोय करा आणि एजंटाकडे भावाचा किंवा पुतण्याचा मोबाइल नंबर नोंदवा. अमेरिकेचे मेडिकेअर मिळू लागलेल्यांनीही ही पॉलिसी ठेवावी, कारण ते अमेरिकेबाहेर जवळपास चालतच नाही. दिवाळीला गावी आलात आणि इथे दाखल व्हावे लागले, तर उपयोगी पडेल तो इथलाच विमा.

एक विषय घरात कोणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. परदेशात मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, आणि किती, हे पाहून ठेवावे. तिथेच अंत्यसंस्कार करायचे असतील तर त्याची वेगळी रक्कम असते.

निघताना गोळ्यांची नावे कंपनीच्या नावाने नव्हे, तर मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. आपल्याकडचे ब्रँड तिकडच्या डॉक्टरांना कळत नाहीत. साधारण तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्या. विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन नंबर पासपोर्टच्या पाकिटात आणि फ्रिजच्या दारावर, दोन्हीकडे असू द्या. ताप, खोकला, लघवीची जळजळ अशा तक्रारींसाठी अमेरिकेत ‘अर्जंट केअर’ दवाखाने असतात, तिथे इमर्जन्सीपेक्षा खर्च खूप कमी येतो. पॉलिसीच्या यादीतला जवळचा दवाखाना पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडून पाहून घ्या. मात्र छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, तर ९११ फिरवा. सूनबाईंना ऑफिसातून बोलवावे की नको, या विचारात बसू नका.