पद्मिनीचं पासिंग

मिस्त्री गाडीखाली, आप्पा स्टिअरिंगवर आणि मी ब्रेक ऑइलचा डबा धरून बोनेटपाशी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळचे दहा वाजतायत. शेजारच्या लेथवर कसलासा शाफ्ट फिरतोय, त्याच्या किसाची वेटोळी दारापर्यंत आलीत. २०२५ची दिवाळी नुकतीच झाली आहे, त्यामुळे अर्धी दुकानं उघडलीत आणि उरलेली उघडावीत की नाही या विचारात आहेत.

"मारा," खालून आवाज येतो. आप्पा पॅडल मारतात. "धरा." धरतात. यानंतर "सोडा" यायला हवं. त्याऐवजी खट्ट आवाज येतो आणि पाठोपाठ एक शिवी, अर्धी गिळलेली. आप्पा मास्तर होते, आणि मिस्त्रींचा थोरला त्यांच्या वर्गात होता.

"काय झालं?"

"पाना सुटला. निपल गोल केलं त्यानं."

मिस्त्री सरपटत बाहेर येतात आणि पाना माझ्या हातात देतात. नवा कोरा, आरशासारखी पॉलिश, दांड्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' अशी उठावदार अक्षरं. पोऱ्यानं परवाच रस्त्यावरच्या गाड्यावरून सेटच्या सेट आणलाय. मी जबडा निरखून पाहतो. दोन्ही ओठ बाहेरच्या बाजूला फाकलेत आणि आतल्या कडेवर पितळी झाक दिसते आहे. वरचा चकाकता थर तेवढा निघाला, खालचं लोखंड मऊ.

"ह्यो पाना न्हवं, पापड हाय," मिस्त्री म्हणतात. पोऱ्या खाली मान घालून चहाचे ग्लास गोळा करायला लागतो.

गाडी आहे १९९५ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, स्टिअरिंगखाली गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर, त्यात रबराच्या वाट्या. ऑइल त्या वाट्यांना ढकलतं, वाट्या पिस्टनला आणि पिस्टन लायनरला. साधा मामला. वाट्या चांगल्या मिळाल्या तर. गेल्या वर्षी बसवलेल्या वाट्या मिस्त्रींनी आज काढून बाकावर मांडल्यात. नव्यापेक्षा त्या आकारानं मोठ्या दिसतात. डुप्लिकेट रबर ब्रेक ऑइल पितं आणि फुगतं. मग पिस्टन मागं येत नाही, चाक जाम धरतं आणि गाडीतून जळका वास यायला लागतो. डबीवर मात्र 'अस्सल' असं लिहिलेलं होतं. डुप्लिकेट वस्तूवर हा शब्द हमखास असतो, अस्सल वस्तूला तो लिहायची गरज पडत नाही.

"मुंबईत टॅक्स्या होत्या तवर सामानाला मरण नव्हतं," मिस्त्री सांगतात. त्यांचं खरं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची थांबली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तरी काळ्या-पिवळ्या रस्त्यावर होत्या म्हणून वाट्या, पॉइंट, कन्डेन्सर, किंगपिनचे बुश कुणी ना कुणी बनवत होतं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला वयाची अट भरून उतरली. त्यानंतर सामान बनवणाऱ्यानं कुणासाठी बनवायचं? आप्पांसाठी?

पण उद्यमनगरात रडत बसायची रीत नाही. मिस्त्री निपलवर गॅसची ज्योत फिरवतात, हातोडीनं हळू ठोकतात, पुन्हा तापवतात. मग भिंतीवरच्या खिळ्यावरून एक काळा पडलेला जुना ग्रिप पाना काढतात. तो त्यांच्या वस्तादाचा. दातांनी निपल धरतात आणि अर्धा आटा उलट, पाव आटा सुलट, असं करत करत ते बाहेर काढतात. आट्यांमध्ये गंजाची तांबडी पूड भरलेली. नवं निपल गल्लीच्या टोकाच्या दुकानात मिळतं, त्याचे आटे जुळत नाहीत. पोऱ्या ते घेऊन लेथवाल्याकडं पळतो. चहा संपायच्या आत आटे पाडून परत.

"मारा. धरा. धरून ठेवा. हां, सोडा."

प्लॅस्टिकच्या नळीतून आधी बुडबुडे येतात, मग फेस, मग स्वच्छ ऑइल. आप्पांचा पाय आता अर्ध्यावर अडतो. त्यांच्या चेहऱ्यावर बोर्डाचा निकाल लागल्यासारखं काहीतरी.

"उद्या जावा बिनघोर. गाडी पास हाय," मिस्त्री म्हणतात.

गाडी पास आहेच. तिचा प्रश्न नाहीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघतो. आप्पांनी ही गाडी नोकरीच्या गावी घेतली, म्हणून नंबर दुसऱ्या जिल्ह्याचा, म्हणून पासिंगही तिकडंच. कागद कोल्हापुरात वळवून घ्यायचे तर आधी तिकडची एनओसी आणायची, म्हणजे पुन्हा तिकडंच जायचं. हायवेच्या रुंदीकरणानं डायव्हर्जनमागून डायव्हर्जन, धूळ, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या पुढं जायची घाई. किणी टोलनाक्यावर पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. आप्पा काच खाली करून त्यांना हात करतात. सूर्य वर आल्यावर एका चढाला इंजिन हिचक्या द्यायला लागतं. आप्पा शांतपणे बाजूला थांबतात, सीटखालचा फडका पाण्यात भिजवतात आणि इंजिनच्या पेट्रोल पंपावर गुंडाळतात. गरम पंपात पेट्रोलची वाफ अडकते, थंड झाला की सुटते. पाच मिनिटांत निघतो. या आजाराचं औषध फडका आहे, हे मला फार आवडतं.

आरटीओ कार्यालयाच्या बाहेर पीयूसीची व्हॅन. पोरगा एक्झॉस्टमध्ये नळी घालतो, स्क्रीनकडं बघतो आणि म्हणतो, "फेल."

"मर्यादा कुठली लावलीस?" आप्पा विचारतात.

पोरानं यादीतून बीएस-४ निवडलंय. त्या गाड्यांना रिकाम्या चालीवर कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के चालतो. बीएस-२च्या आधीच्या गाडीला मर्यादा ३ टक्के. आप्पा हे पाठ म्हणून दाखवतात. पोरगा प्रकार बदलतो, गाडी पास होते आणि तो म्हणतो, "काका, मला वाटलं जाळ आणि धूर संगटच निघणार." आप्पाही हसतात.

आत मैदानात रांग आहे. आमच्या पुढं एक मारुती ८००, तिच्या मालकीणबाई निवृत्त नर्स. त्यांच्या पुढं डिझेल अँबॅसेडर, तिचा मालक बोनेटवर फाइल ठेवून फराळाचा डबा उघडतोय. जुन्या गाडीवाल्यांची ओळख व्हायला वेळ लागत नाही. कुणाचा हॉर्न ऐनवेळी गेलाय, कुणाला आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज कधीच फिटलंय, पण ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि नव्या बँकेला जुनी फाइल सापडत नाही. बाई म्हणतात, "माझी गाडी मला कधी दगा देत नाही हो. ही खिडकी देते." एक एजंट रांगेच्या कडेनं फिरतोय. "काका, फाइल माझ्याकडं द्या, तुम्ही सावलीत बसा." आप्पा त्याला चिवडा देतात, फाइल देत नाहीत.

निरीक्षक साहेब तरुण आहेत. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक. मग "चेसिस नंबर दाखवा." इथं गंमत सुरू होते. बोनेटखालच्या आडव्या पत्र्यावर नंबर ठोकलेला आहे, पण मागच्या पेंटिंगला रंगाऱ्यानं उदार हातानं मारलेला रंग आकड्यांत भरून बसलाय. आप्पा डिकीतून थिनर, कापूस आणि झिजलेला पॉलिश पेपर काढतात. मी वाकून पाहतो. दुधी रंगाखालून आधी खाकी प्रायमर येतो, मग राखाडी पत्रा, मग एकेका आकड्याची कड. नंबर पूर्ण उघडला की आप्पा त्यावर पातळ कागद चिकटपट्टीनं बसवतात आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासतात. कागदावर आकडे पांढरे उठतात. एक आठ किंचित तिरका पडलाय. तीस वर्षांपूर्वी कुर्ल्यात कुणाचा तरी हात हलला असणार. इंजिन नंबरचीही तशीच छाप घेतात.

साहेब खूश आहेत. "जरा बसू का?" विचारून ते गाडीत बसतात, गिअरचा दांडा वर-खाली करून पाहतात. माझ्या आजोबांची होती, म्हणतात. सही करतात. आम्हाला वाटतं, झालं.

खिडकीवर कळतं, झालं नाही.

"काका, याला हाय सिक्युरिटी पाटी नाही. पाटी नसेल तर फेरनोंदणी पुढं जात नाही."

"पाटीची मुदत नोव्हेंबरअखेर आहे ना?"

"मुदत दंडासाठी. कामासाठी पाटी आत्ता."

आप्पा सांगतात की पाटीसाठी ते दिवाळीआधीपासून प्रयत्न करतायत. १ एप्रिल २०१९ आधीच्या प्रत्येक गाडीला ही ॲल्युमिनियमची पाटी लागते, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. संकेतस्थळावर चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे. आप्पा टाकतात, ते म्हणतं 'माहिती जुळत नाही'. क्लार्क बाई स्क्रीन आमच्याकडं वळवतात. पेन्सिलच्या छापेत, जुन्या आरसी बुकात, विम्याच्या कागदावर इंजिन नंबरात शून्य आहे. संगणकात त्या जागी इंग्रजी ओ. हातानं लिहिलेली बुकं संगणकात भरताना कुणीतरी गोल पाहिला आणि बोटाला आली ती कळ दाबली. २०२०च्या फेरनोंदणीला ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा पाटी नव्हती आणि कुणी आकडे ताडून पाहत नव्हतं.

"मग दुरुस्त करा की."

"दुरुस्ती हेही काम आहे काका. पाटी नसलेल्या गाडीचं काम सिस्टीम घेत नाही."

आप्पा दोन्ही हात काउंटरवर ठेवतात. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. "म्हणजे पाटी नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून पाटी नाही. हे वर्तुळ झालं, बाई. आम्हाला स्पर्शिका कुठून काढायची ते सांगा."

बाई हसत नाहीत, पण उठतात. आतल्या टेबलाशी जाऊन कुणाशी तरी बोलतात. कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि लिहिलं तरी प्रत्येक जिल्ह्यातला वाचक म्हणेल की हे आमचंच. दरम्यान मागच्या माणसाचा धीर सुटतो, 'सर्व्हर स्लो आहे' असा कागद शेजारच्या खिडकीवर लागतो आणि आप्पा बाकड्यावर बसून चिवड्याचा डबा संपवतात. मला राहून राहून कालचं निपल आठवतंय. गंजून जाम झालेलं लोखंड सुटलं, कारण तिथं ज्योत होती, लेथ होता आणि हातात निर्णय असलेला माणूस होता. इथं एका कळीचा फरक आहे आणि ती दाबायचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला नाही.

बाई परत येतात. साध्या कागदावर अर्ज द्या, सोबत दोन्ही नंबरांची पेन्सिल छाप, आरसी बुकाची झेरॉक्स आणि निरीक्षकांचा शेरा. नोंद वरिष्ठांच्या लॉगिनमधून दुरुस्त होईल. मग पाटी, मग शुल्क. आप्पा तिथंच अर्ज लिहितात, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, आणि शून्याच्या आत तिरकी रेघ मारतात. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का पडतो. साहेब आपल्याच तपासणीच्या कागदावर बोट ठेवून शेरा लिहून देतात. "पाटी लागली की या, गाडी मी पुन्हा बघणार नाही," म्हणतात. हा माणूस भला आहे.

पैशाचं राहिलंच. चारचाकीच्या फेरनोंदणीला २०२२च्या मार्चपर्यंत ६०० रुपये पडत. एप्रिलपासून ते ५,००० झाले, आणि गाडी वीस वर्षांवरची असेल तर २०२५च्या ऑगस्टपासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा. गाडी चांगली ठेवलेल्याला त्यात सूट नाही आणि फुंकून टाकलेल्याला जास्त भार नाही. आकडा फक्त वयाचा. मला हे अन्यायाचं वाटतं. निरीक्षकानं तपासून पास केलेल्या गाडीला तिच्या वयाची शिक्षा कशाला?

बाहेर नर्सबाई त्यांच्या मारुतीत बसून निघाल्यात. आप्पा त्यांना थांबवून पाटीचं विचारतात. बाईंची पाटी लागलीय, नोंदही जुळली. अँबॅसेडरवाल्यानं अजून पाहिलंच नाही, तो घाईनं आपलं आरसी बुक उघडतो.

तुमच्या दारात पंधरा वर्षांवरची गाडी असेल तर एवढं करा. आरसी संपायच्या साठ दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज घेतात, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. त्याआधी आरटीओतून गाडीच्या नोंदीचा उतारा काढा आणि पत्र्यावरच्या आकड्यांशी एकेक अक्षर ताडून बघा. शून्य, ओ, एक आणि आय ही चार खास करून.